शिगेची पायली

पोशा तांडेल, त्याचा मुलगा हसुराम, हसुरामची सून मथुराबाई आणि मथुराबाईंची लेक डॉक्टर कुमुदिनी घरत. खारेपाटातील या घराण्याची ओळख द्यायची, तर कुणी किती मिळवले हे सांगून भागत नाही. कुणी कुणाच्या हातून काय घेतले आणि कसे घेतले, हे सांगावे लागते.

पोशा तांडेल १९३१ साली कौले भरलेले गलबत घेऊन झांजिबारला गेला. परतीला खारफुटीच्या वाशांचे भाडे मिळेल म्हणून तो रुफिजी नदीच्या मुखात शिरला आणि वाळूच्या दांड्यावर त्याचे गलबत फुटले. सात महिने तो तिथल्या एका बाईच्या घरी जेवला. निघताना तिने त्याच्या हाती एक माप तांबडे भात बांधून दिले. "परत केव्हा करू?" असे त्याने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आम्हाला लागेल तेव्हा." एवढीच अट. दोन वर्षांनी इकडे उधाणाने बांध फोडला आणि समुद्र शेतात आला. गावाचे एकूण एक बियाणे करपले, पण पोशाच्या तुकड्यातले तांबडे भात खाऱ्या पाण्यात गुडघाभर उभे राहिले. त्यानंतर साऱ्या गावाने तेच पेरले.

हसुरामने बहात्तरच्या दुष्काळात रेशनच्या रांगेत उभे राहून परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी घेतली. घरी येऊन त्याने पिशवी भिंतीशी टेकवली आणि म्हणाला, "माझ्या बापानंही परक्याचंच घेतलं होतं. पण त्याची मान वर होती. देणारा कसा देतो, त्यावर घेणाऱ्याची मान ठरते."

मथुराबाईंनी ते भात वयाच्या नव्वदीपर्यंत दरसाल पेरले, दरसाल नवे करून ठेवले, आणि शेवटच्या दुखण्यात लेकीच्या ओटीत एक पितळी पायली ठेवली. काठोकाठ भरलेली, वर बोटभर उंच ढिगाची शीग. "त्या किनाऱ्याला कधी गेलीस तर ही देऊन ये," त्या म्हणाल्या. "उसनं सपाट घ्यावं, फेडताना शिगेनं फेडावं. सपाट फेडलं तर ते फिटत नाही."

कुमुदिनीबाई गेल्या. पण जायला त्यांना वयाची सदुसष्ट वर्षे लागली, आणि गेल्या त्या उसने फेडायला नव्हे, तर विकसनशील देशांसाठीच्या भारताच्या दक्षिण सहयोग परिषदेच्या शास्त्रज्ञ म्हणून.

परिषदेचा कारभार मोठा नेटका होता. श्रीमंत देश मदत देतात, आपण अनुभव वाटून घेतो, असे तिच्या दिल्लीच्या इमारतीवर कोरलेले होते. कार्यपद्धतीचे पहिले कलम तर पाठ करावे असे होते: 'भागीदार देशाने मागितल्याशिवाय काही द्यायचे नाही; आणि त्याने मागितले की नाही म्हणायचे नाही.' कुणाला रेल्वेचा रूळ हवा, कुणाला लसीचा कारखाना, कुणाला शिक्षक. मागणी यायची, त्या देशाचा शिक्का पाहिला जायचा आणि इथला जाणकार माणूस बॅग भरून निघायचा. रुफिजीच्या मुखाशी समुद्र चढला, भातशेती खारावली, आणि टांझानियाकडून मागणी आली ती कुमुदिनीबाईंच्या विद्येची.

ती विद्या अशी होती. खारेपाटातील तांबड्या भाताच्या मुळांशी काही जिवाणू राहतात, हे त्यांनी वीस वर्षांपूर्वी शोधून काढले होते. हे जिवाणू मुळाभोवती चिकट पापुद्रा धरतात. पाणी आत सोडतात आणि मिठातला सोडियम बाहेरच अडवून ठेवतात. एखाद्या खमक्या घरधनिणीने उंबऱ्यात उभे राहून पाहुणे पारखावेत तसे. त्यांनी हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले, अधिक जोमदार केले आणि कुठल्याही भाताच्या मुळाशी ते नांदतील असे घडवले. त्याचे नाव पडले लवणिका. मडकेभर लवणिका शेतात ओतली की समुद्राच्या पाण्यातही भात पिकत असे.

पण माणसाने घडवलेला जीव मोकळा सोडणे शहाणपणाचे नव्हे, म्हणून कुमुदिनीबाईंनीच त्याला एक कुलूप घातले होते. निसर्गात कुठेही न सापडणारे एक अमिनो आम्ल बाहेरून मिळाले नाही, तर लवणिका तीन आठवड्यांत मरत असे. त्या अमिनो आम्लाच्या निळ्या पुड्यांना सगळे किल्ली म्हणत. किल्ली भारतातल्या एकाच कारखान्यात बनत असे. सुरक्षेसाठी लावलेले कुलूप पुढे दुकानाच्या दाराला लागेल, हे तेव्हा त्यांच्या मनात आले नव्हते. यायला हवे होते, असे त्या स्वतःला पुढे अनेकदा बजावत.

*

किंगोनी हे त्रिभुज प्रदेशातले गाव. तिथल्या चारशे एकरांचा कारभार चाळीस बायकांच्या संघाकडे, आणि संघाचा कारभार बीबी म्वानईदींकडे. वय चौऱ्याऐंशी, काठी हातात पण टेकण्यासाठी नव्हे. कुमुदिनीबाईंनी उभ्या आयुष्यात मंत्र्यांपुढे मान लववली नव्हती. पण इथे धाकट्याने थोरल्याला 'शिकामू' म्हणायचे असते, म्हणजे पाय धरते, आणि थोरल्याने 'मराहाबा' म्हणून ते स्वीकारायचे असते. हे कळताच त्यांनी पहिल्याच दिवशी बीबींना शिकामू केले. मोठ्यांच्या पाया पडण्याची रीत ज्या गावाला आहे, तिथे आपले चालेल, अशी त्यांची खात्री झाली.

दोघींचे बोलणे कानातल्या दुभाष्यामार्फत चाले. वाटाण्याएवढे यंत्र, इकडची मराठी तिकडे स्वाहिली करी, तिकडची स्वाहिली इकडे मराठी. दिवसाचा अहवालही तेच ऐकून दिल्लीला पाठवी.

आल्यानंतर महिन्याभराने कुमुदिनीबाईंनी पोशा तांडेलाची गोष्ट काढली होती. बीबी ऐकत राहिल्या, मग उठून आत गेल्या आणि एक लाकडी माप घेऊन आल्या. "ही पिशी," त्या म्हणाल्या. "याच मापानं दिलं होतं. माझी आजी तेव्हा लहान पोर होती, तिनं पाहिलंय. तिच्या आईनं एका म्हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, खलाशाला एक पिशी बी दिलं. तो रडला होता म्हणे."

"आमच्याकडे पिशी म्हणजे वेडी बाई," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"मग बरोबरच आहे. शहाण्या बाईनं परक्याला बी दिलं असतं का?"

पिशीत चार किबाबा मावतात, पायलीत चार शेर. कुमुदिनीबाईंनी पायली आणून शेजारी ठेवली, तर दोन्ही मापे उंचीला जवळजवळ सारखी निघाली. मात्र ते तांबडे भात किंगोनीत आता कुणाकडेच नव्हते. बीबींच्या लहानपणी पूर आला, गाव हलवले गेले आणि बियाणे वाटेतच कुठेतरी राहून गेले. उरली होती फक्त जुनी मातीची रांजणी, आणि तिच्या तळाशी चिकटलेले शंभर वर्षांचे तूस.

पायली देऊन टाकायला त्या दिवशीच हरकत नव्हती. पण बीबींनीच हात वर केला होता. "माझ्या आजीच्या आईचा शब्द आहे, लागेल तेव्हा. आज आम्हाला लागत नाही. आज तुझी लवणिका आहे. ठेव तुझ्याकडे."

कुमुदिनीबाईंनी ते तूस मात्र तपासले. त्यात मेलेल्या जिवाणूंचे जनुक सापडले आणि लवणिकेच्या मूळ जिवाणूशी ते अक्षर न् अक्षर जुळले. जिवाणू बियाच्या पोटात बसून पिढ्यान् पिढ्या प्रवास करतात. पोशा तांडेलाने खांद्यावरून नुसते भात नेले नव्हते. खारेपाट ज्याला आपला म्हणत होता, कुमुदिनीबाईंनी ज्याच्यावर पेटंट घेतले होते, तो जीव इथला होता. त्यांनी तसा अहवाल लिहिला आणि दिल्लीला पाठवला. उत्तर आले नाही.

*

त्यानंतर सहा आठवड्यांनी, भर सकाळी, बीबी परिषदेच्या गावातल्या केंद्राच्या दारात उभ्या राहिल्या. हातात भाताची रोपे होती, मुळांसकट उपटलेली.

"शिकामू, बीबी."

"मराहाबा. पण आज पाय धरून भागायचं नाही. हे बघ."

रोपांची टोके पांढरी पडली होती. कुमुदिनीबाईंनी मूळ बोटांत चोळले. पापुद्रा नव्हता. लवणिका मरत होती. किल्लीच्या शेवटच्या पुड्या संपून बारा दिवस झाले होते. नवी पेटी आठवड्यापूर्वीच यायची होती आणि आली नव्हती. रोज आज येईल, उद्या येईल म्हणत त्या थांबल्या होत्या. त्यांनी पडद्यावर स्वतःचा अहवाल काढला आणि पहिल्यांदाच तो दुभाष्याच्या भाषेतून वाचला.

'सहा तारीख. किल्लीचा साठा वाढला आहे. पुढील पुरवठ्याची आवश्यकता नाही.'

त्यांनी दिल्लीला फोन लावला. पडद्यावर त्यांची लेक आली. शर्वरी घरत, परिषदेची उपमहासंचालक. कुमुदिनीबाईंनी लग्नात एकच अट घातली होती, की आडनाव आपले राहील आणि पुढेही आपलेच चालेल.

"शर्वरी, किल्ली का थांबवलीस?"

"मी कुठे थांबवली? तूच कळवलंस ना. साठा वाढला म्हणून."

"अगं, वाढला म्हणजे संपला!"

शर्वरी बघतच राहिली. "काय?"

"मीठ वाढलं म्हणजे काय? बांगडी वाढली म्हणजे काय? तुझ्या आजीच्या तोंडून कधी 'तांदूळ संपले' असं ऐकलंस? भरल्या घरात संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं."

"आई," शर्वरी हताशपणे म्हणाली, "दुभाष्याला आजी नव्हती."

चूक यंत्राची म्हणावी, तर शब्द कुमुदिनीबाईंच्या तोंडचा होता. आयुष्यभर शुभ बोलण्याची सवय, आणि त्या सवयीने चारशे एकर पांढरे पडत होते.

"बरं. माझी चूक. आता विमानानं पाठव. दहा दिवसांत मिळाली नाही तर पीक गेलं."

"पाठवते. पण..." शर्वरीने खुर्ची पुढे ओढली. "नियम बदललाय. यापुढे किल्ली हवी तर संघाला पंधरा वर्षांचा करार करावा लागेल. किल्ली आमच्याकडूनच घ्यायची, आणि त्या शेतांत लवणिकेचं भात सोडून दुसरं काही लावायचं नाही. सही आली की पेटी निघेल."

"पीक मरताना सही मागायची?"

"नियम मी केलेला नाही."

"मग कोणी केलाय? बोल ना. त्याला आई आहे की तोही दुभाषाच?"

"आई, कारखान्यात आपल्या लोकांचा पैसा गुंतलाय. सगळं जग असंच करतं."

"सगळं जग करतं ते करायला परिषद कशाला हवी होती? भिंतीवरची अक्षरं खोडून टाका आधी. आणि माझा तुसाचा अहवाल? वाचलास?"

"वाचला." शर्वरीने डोळे पडद्यावरून हलवले. "वरच्यांनी कपाटात ठेवलाय. हा जीव त्यांचाच आहे म्हटलं तर त्यांना तो विकायचा कसा, असा प्रश्न आहे."

"शर्वरी, तुझ्या खापरपणजोबांना या लोकांनी जेवू घातलं आणि बी दिलं. करार केला नाही. तुझ्या पणजोबांनी मान खाली घालून मिलो खाल्ली. आता या घरातली मुलगी रांगेच्या दुसऱ्या टोकाला, वाटपाच्या टेबलामागे बसलीय. बसायला हरकत नाही. पण टेबलामागे बसून माणूस तसाच वागणार असेल, तर आपण वर आलो म्हणजे नेमकं काय झालं?"

पडदा काळा झाला. कुणी बंद केला ते कळले नाही.

*

दुपारी संघाची बैठक झाली. चाळीस बायका आंब्याच्या झाडाखाली बसल्या. कुमुदिनीबाई उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांनी वर्ग घेतले होते, पण चूक कबूल करायला कधी उभे राहण्याची वेळ आली नव्हती. त्यांनी ती सरळ सांगितली. वाढलं आणि संपलं यांतला घोळ दुभाष्याला स्वाहिलीत सांगताना तीन वेळा अडखळावे लागले. तिसऱ्या वेळी बायकांत हशा पिकला.

"एवढी शिकलेली बाई," बीबी म्हणाल्या, "आणि तुझ्याच यंत्राला तुझी भाषा कळत नाही!"

"नाही कळत. म्हणून आता मी सावकाश बोलते, नीट ऐका. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. सही केलीत तर दहा दिवसांत किल्ली येईल. पीक पूर्वीसारखंच भरघोस येईल. पण पंधरा वर्षं किल्ली आमच्या हातात. दुसरी वाट माझ्या पायलीत आहे. त्या भाताच्या पोटात मूळ जिवाणू झोपलेत. त्यांना कुलूप नाही. पण ते लवणिकेएवढे जोमदारही नाहीत, आणि नव्या जातीच्या मुळाला ते कितपत धरतील याची मी हमी देऊ शकत नाही. धरले तर उत्पन्न चारात तीन येईल. नाही धरले तर यंदा काहीच नाही."

"ते मोकळे सुटले तर? तूच म्हणायचीस ना, कुलूप लागतं म्हणून?" मागून एकीने विचारले.

"कुलूप मी घडवलेल्याला लागतं. हे घडवलेले नाहीत. भाताच्या मुळाशिवाय ते जगत नाहीत. माणसानं भात लावलं तर ते आहेत, नाही लावलं तर नाहीत. त्यांचं कुलूप म्हणजे तुम्हीच. आणि ते इथं शेकडो वर्षं राहिलेत. पाहुणी मी आहे, ते नव्हेत."

बीबींनी काठीने जमिनीवर चार वाट्या काढल्या आणि एक पुसली. "तीन वाट्या घरच्या," त्या म्हणाल्या, "की चार वाट्या कुलपातल्या?" मग बायकांकडे पाहिले. एका तरुण बाईने मांडीवरचे मूल शेजारणीकडे दिले, पुढे आली आणि काठीने काढलेल्या चौथ्या वाटीची उरलेली रेघही पायाने सारवून टाकली. मग एकेक करून हात वर आले. चाळीस मोजायला वेळ लागला नाही.

"आता लागलं," बीबी कुमुदिनीबाईंना म्हणाल्या. "माझ्या आजीच्या आईनं सांगितलेला दिवस हा. आण तुझी पायली."

"आणते. पण आधी तुम्ही मागा. लेखी मागा. आमच्या परिषदेचं पहिलं कलम आहे, मागितलं की नाही म्हणायचं नाही. ते कलम अजून कुणी बदललेलं नाही. त्यांचाच कायदा त्यांच्याच दारात नेऊन उभा करते."

बीबींनी मागणी सांगितली, संघाच्या चिटणिसाने लिहून घेतली. एकच ओळ होती: 'आमचे आम्हाला परत द्या.' दुसऱ्या दिवशी होडीने जाऊन त्यावर जिल्ह्याच्या कृषी अधिकाऱ्याचा शिक्का आणला. अधिकाऱ्याने कागद दोनदा वाचला, शिक्का मारला आणि मग विचारले, "दिल्लीत हे वाचतील का?"

"वाचतील," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "वाचणारी माझी लेक आहे. बाराखडी मीच शिकवलीय."

*

पायली समोर आली. कुमुदिनीबाईंनी सुपात नुसती वरची शीग ओढून घेतली आणि माप काठाशी सपाट केले.

"सगळं घे ना," बीबी म्हणाल्या.

"पायली तुमची आहे, तिला हात लावायचा अधिकार मला नाही. शीग आमच्या घरची. प्रयोग करायचा तर तो मी माझ्या दाण्यांवर करीन."

शिगेचे दाणे कोमट पाण्यात भिजले, मोडावर आले. मोड वाटून ते पाणी तांदळाच्या पेजेत घातले, आणि पेज मडक्यात ठेवून तोंडाला फडके बांधले. इथून पुढे प्रयोगशाळेचे काम नव्हते, विरजणाचे होते. चार दिवसांनी पहिल्या मडक्यातली एकेक वाटी चाळीस घरी गेली. ज्या घरी वाटी गेली, त्या घरी आपली पेज, आपले मडके, आणि मडके आंबले की ते आपल्या शेतात ओतायचे. ज्याचे नासले त्याने शेजारणीकडून पुन्हा वाटी घ्यायची, आणि शेजारणीने नाही म्हणायचे नाही. ही रीत कुमुदिनीबाईंना शिकवावी लागली नाही. बायकांना ती माहीतच होती, नारळ घालून आंबवलेल्या पेजेसाठी.

सहाव्या दिवशी दिल्लीचा फोन आला. शर्वरीचा चेहरा ओढलेला होता.

"आई, वरपर्यंत गेलंय. पेटंटचा भंग, परवानगीशिवाय जिवाणू सोडणं. तुला परत बोलावण्याचा हुकूम निघालाय."

"सही कुणाची?"

"माझी."

"मग ठळक कर. घरतांची सही पुसट नसते."

"तुला काहीच वाटत नाही का गं?"

"वाटतं ना. वीस वर्षं त्या शोधावर माझं नाव होतं. आता चोर म्हणून असेल. वाटतं तर. पण मी इथून हलत नाही, कारण हलता येत नाही. पायली रेघेला आलीय. शीग मी वापरली. सपाट फेडलं तर ते फिटत नाही, हे तुझी आजी सांगून गेलीय. फिटल्याशिवाय मी विमानात बसणार नाही. लिही तुझ्या फाइलवर."

"काय लिहू? आजीनं सांगितलं म्हणून?"

"हो. हे कारण तुमच्या सगळ्या कारणांपेक्षा जुनं आहे."

अकराव्या दिवशी खालच्या बांधाकडची रोपे आणखी पांढरी पडली. काही बायका बोलेनाशा झाल्या. कुमुदिनीबाई रोज बांधावर जाऊन एक रोप उपटत, मूळ चोळत, आणि परत येत. चौदाव्या दिवशी बोटांना चिकट लागले. त्यांनी मूळ पुन्हा चोळले, मग बीबींच्या पुढे धरले. बीबींनी ते चक्क चाटून पाहिले.

"खारट आहे," त्या म्हणाल्या.

"बाहेरून खारट आहे," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आतून बघा." आणि नखाने साल काढून त्यांनी आतला पांढरा गाभा त्यांच्या जिभेवर ठेवला. तो गोड होता.

सुमारे साठ एकर गेले. तीनशे चाळीस उभे राहिले.

*

बाविसाव्या दिवशी, भरतीच्या पाण्यावर, परिषदेची होडी किंगोनीच्या धक्क्याला लागली. शर्वरी उतरली. एका हातात बूट, दुसऱ्या हातात सरकारी पाकीट. चिखलातून ती वर येईपर्यंत सगळा संघ बघत उभा होता.

"ही कोण?" बीबींनी विचारले.

"माझी लेक. मला न्यायला आलीय."

"पोलीस आहे?"

"त्याहून वाईट. अधिकारी."

शर्वरीने आईच्या हाती पाकीट दिले. हुकूम तोच होता, आणि सही खरोखरच ठळक होती. कुमुदिनीबाईंनी तो वाचला, घडी घातली आणि कमरेला खोचला. लेक शेतांकडे बघत होती. खाऱ्या पाण्यात हिरवे भात वाऱ्यावर हलत होते.

"हे सगळं त्या शिगेतून?"

"त्या शिगेतून. आणि चाळीस मडक्यांतून."

शर्वरीने पिशवीत हात घातला आणि एक कापडी पुरचुंडी काढली. तिच्यावर दोन्ही देशांच्या वनस्पती तपासणीचे शिक्के होते. "रीतसर आणलंय," ती घाईने म्हणाली, जणू कुणी आरोप केला होता. "तुमची मागणी माझ्या टेबलावर आली. 'आमचे आम्हाला परत द्या.' शिक्का बरोबर, कलम एक. नाही म्हणायला जागाच नव्हती. वरच्यांनी विचारलं, किती द्यायचं? मागणीत आकडा नव्हता. मी टिपण लिहिलं: घेतले होते तेवढे, शिगेसकट." तिने गाठ सोडायला सुरुवात केली. "येताना खारेपाटात उतरले होते. मामाच्या तुकड्यातलं आहे. यंदाचं."

"हे टिपण लिहिल्यावर तुझी खुर्ची राहील का?"

"बहुतेक नाही," शर्वरी म्हणाली. मग पहिल्यांदाच हसली. "खुर्ची वाढली म्हणायचं."

कुमुदिनीबाईंनी डोळ्याला पदर लावला नाही. त्या नुसत्या म्हणाल्या, "चल. उन्हात उभी राहू नकोस."

आंब्याखाली बीबींनी पिशी मांडली. कुमुदिनीबाईंनी पितळी पायली उचलली आणि ओतायला सुरुवात केली. तांबडे दाणे पिशीत पडत राहिले, काठाला आले, थांबले. माप सपाट भरले होते. त्यांनी लेकीकडे पाहिले. शर्वरी गुडघ्यावर बसली आणि पुरचुंडीतले भात ओंजळीओंजळीने वर सोडू लागली. ढीग चढला, टोक आले, दाणे चारी बाजूंनी घरंगळायला लागले. बीबींनी हात आडवा फिरवून ते सपाट केले नाही. त्यांनी ढिगाच्या टोकावरचा एक दाणा उचलला, दातांत फोडला आणि मान डोलावली.

कुमुदिनीबाई वाकल्या. "शिकामू."

"मराहाबा," बीबी म्हणाल्या. आणि मग काठी बाजूला ठेवून, चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईने पिशी दोन्ही हातांनी छातीशी धरली. घरंगळलेले दाणे वेचायला बायका खाली बसल्या.

कानातला दुभाषा हलकेच बोलला, "आजची नोंद?"

"लिही," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "उसनं वाढलं."

"सुधारित शब्दार्थानुसार, उसने संपले, असे नोंदवू?"

त्या थांबल्या. संपलं हा शब्द, अर्थ समजावून सांगण्यापुरता सोडला तर, त्यांच्या तोंडून कधी गेला नव्हता आणि आजही जाणार नव्हता. त्यांनी पितळी पायली उपडी केली आणि तळावर दोनदा थाप मारली. एकही दाणा पडला नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "फिटलं, असं लिही."